टर्नरचं शून्य

महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात, कुठल्याही चौकात कुणालाही पत्ता विचारून पाहा. ‘माहीत नाही’ हे उत्तर सहसा मिळत नाही. पानटपरीवाला बोटाचा चुना न पुसता एक दिशा दाखवतो, पारावरचे आजोबा दुसरी दाखवतात, आणि ज्याला खरोखरच काही ठाऊक नसतं तो सगळ्यांत ठामपणे म्हणतो, ‘सरळ जा, पुढे कुणालाही विचारा.’ हा पुढचा ‘कुणीही’ आपल्याला परत मागे पाठवतो. गोष्ट फक्त रस्त्यांची नाही. गुडघेदुखीवर काय चोळावं, नाणेफेक जिंकून आधी काय घ्यावं, शेजारच्यांचं ठरलेलं लग्न का मोडलं, या सगळ्यांवर आपल्याकडे उत्तर तयार असतं. नसलंच तर बोलता बोलता तयार होतं. अज्ञान कबूल करणं हे आलेल्या पाहुण्याला चहा न विचारण्याइतकं अशिष्ट. अशा जगात एक जमात अशी आहे, की जिने ‘माहीत नाही’ या उत्तरासाठी स्वतंत्र जागा राखून ठेवली आहे, त्या जागेला नाव दिलं आहे, आणि ती भलत्याच कशाने भरली गेली तर या मंडळींची झोप उडते. ही जमात म्हणजे डेटाबेसवाले. त्यांच्या ‘माहीत नाही’चं नाव नल. पाण्याचा नळ नव्हे, पण नात्यातला म्हणायला हरकत नाही. सोडून पाहीपर्यंत त्यात पाणी आहे की नुसती हवा, हे त्याच्याही बाबतीत सांगता येत नाही.

बँकेतली शिल्लक, रेल्वेचं आरक्षण, विजेचं बिल, परीक्षेचे गुण हे सगळं सांभाळणारी ही माणसं बाहेरून पाहिली तर उत्तरांचे घाऊक व्यापारी वाटतात. विचारलं की मिळालं पाहिजे, तेही पापणी लवायच्या आत. माझं म्हणणं उलटं आहे. या धंद्यात माणूस वर्षानुवर्षं शिकतो ती उत्तरं नसतात, आपल्याला काय माहीत नाही हे नीट सांगण्याचं व्याकरण असतं. नवखा येतो तेव्हा त्याला सगळं येत असतं. पाच वर्षांनी बरंचसं येत असतं. पंधरा वर्षांनी त्याला काहीही विचारा, तो आधी खाली बघतो, मग छताकडे बघतो आणि म्हणतो, ‘अवलंबून आहे.’ इंग्रजीत ‘इट डिपेन्ड्स’. वारकऱ्यांचं जसं ‘माउली’, तसं जगभरच्या डेटाबेसवाल्यांचं हे ‘इट डिपेन्ड्स’. कुठल्याही दोन अनोळखी डेटाबेसवाल्यांना एका खोलीत बसवा, पाच मिनिटांत दोघांपैकी एक जण ते म्हणतोच. बाहेरच्यांना ही पळवाट वाटते. मला ती या पंथातली पदवी वाटते, आणि तिचा अभ्यासक्रम अगदी बालवाडीपासून सुरू होतो.

ही बालवाडी म्हणजे चौदा माणसांचं एक कार्यालय. ओरॅकलच्या डेटाबेसबरोबर सरावासाठी दोन छोटे तक्ते मिळत आले: ‘एम्प’मध्ये १४ कर्मचारी, ‘डेप्ट’मध्ये ४ विभाग. आत शिरायचं नाव स्कॉट, पासवर्ड टायगर. ब्रूस स्कॉट हा कंपनीच्या अगदी सुरुवातीच्या माणसांपैकी एक, आणि टायगर हे त्याच्या घरचं मांजर. (ही तीच कंपनी, जिने १९७९ मध्ये आपलं पहिलंच उत्पादन ‘आवृत्ती २’ म्हणून विकायला काढलं; पहिली आवृत्ती घ्यायला गिऱ्हाईक बिचकतं, हे ज्ञान तिला डेटाबेसच्या आधी झालं होतं.) या चौदा जणांनी जितक्या लोकांना पोटाला लावलं तितक्यांना फार थोड्या विद्यापीठांनी लावलं असेल. कारकून स्मिथ १७ डिसेंबर १९८० रोजी ८०० पगारावर रुजू झाला आणि आजही ८०० वरच आहे. ना वेतन आयोग, ना महागाई भत्ता, ना निवृत्ती. अध्यक्ष किंग तेवढाच स्थितप्रज्ञ, ५००० वर. हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत मुलाखतीच्या खोल्यांमध्ये गेली कित्येक वर्षं एकच प्रश्न विचारला जातो: दुसऱ्या क्रमांकाचा पगार कुणाचा? पोरं क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, घोकून येतात, रामरक्षेसारखी म्हणून दाखवतात. मेख अशी, की किंगच्या खाली ३००० पगाराची दोन माणसं आहेत, स्कॉट आणि फोर्ड. त्यांच्यानंतर २९७५ वाला जोन्स. मग दुसरा कोण? दोघांना विभागून दुसरा क्रमांक द्यायचा की ज्याचं नाव आधी हाताला लागेल त्याला? आणि जोन्स तिसरा की चौथा? एसक्यूएल या क्वेरींच्या भाषेत यासाठी तीन वेगवेगळी फंक्शनं आहेत आणि तिघांचीही उत्तरं बरोबर आहेत. शाळेच्या गुणवत्ता यादीत ‘विभागून’ हा शब्द वाचलेल्या मराठी मुलाला हे खरं तर आधीच कळायला हवं. पण घोकलेल्या क्वेरीत ‘विभागून’ बसत नाही. मुलाखत घेणारा चांगला असेल तर क्वेरी लिहिण्याआधी ‘दुसरा म्हणजे नेमकं काय म्हणायचंय तुम्हाला?’ असं विचारणाऱ्या उमेदवाराला घेतो. चांगला नसेल तर त्यालाच उद्धट ठरवून घरी पाठवतो.

त्याच कार्यालयात पुढचा वर्ग भरतो तो कमिशनच्या रकान्यात. चार जण विक्रेते आहेत. ॲलनला ३००, वॉर्डला ५००, मार्टिनला १४०० आणि टर्नरला शून्य. उरलेल्या दहा जणांचा रकाना नल. टर्नरचं शून्य आणि स्मिथचं नल यांत फरक काय, हे ज्याला समजलं त्याचं निम्मं शिक्षण झालं. टर्नर दारोदार हिंडला, चपला झिजवल्या, काही विकलं गेलं नाही. त्याच्या शून्यात घाम आहे. स्मिथ टेबलावरून उठलाच नाही, त्याच्या कमिशनचा प्रश्नच उद्भवत नाही. आता सरासरी कमिशन विचारा. डेटाबेस नलवाल्यांना वगळतो, टर्नरला वगळत नाही, आणि २२०० भागिले ४ करून ५५० सांगतो. कुणा उत्साही नवख्याने ‘रिकामं काय ठेवायचं’ म्हणून दहा ठिकाणी शून्य भरलं की तीच सरासरी १५७ च्या आसपास येते. पैसे तेवढेच, माणसं तीच, फक्त ‘माहीत नाही’च्या जागी ‘नाही’ लिहिलं आणि कार्यालय गरीब झालं. त्याहून गंमत एकूण मिळकतीची. पगारात कमिशन मिळवायला सांगा. काहीतरी अधिक नल बरोबर नल, त्यामुळे ॲलनची बेरीज व्यवस्थित येते आणि अध्यक्ष महाराज किंग यांची एकूण मिळकत येते ‘माहीत नाही’. भारतातल्या करदात्यांना हे उत्तर ओळखीचं वाटेल, पण इथे त्यामागे लबाडी नाही, निव्वळ तर्कशास्त्र आहे.

हे तर्कशास्त्र ज्याच्या नावावर जमा आहे तो एडगर कॉड हा इंग्रज; दुसऱ्या महायुद्धात विमान चालवलेला, पुढे अमेरिकेत आयबीएममध्ये. १९७० मध्ये त्याने एका निबंधात सांगितलं, की माहिती तक्त्यांच्या रूपात मांडा आणि ती यंत्राच्या पोटात कुठे, कशी ठेवली आहे याची चिंता विचारणाऱ्याला करायला लावू नका. त्याआधी विचारणाऱ्याला उत्तराच्या घरापर्यंतची वाट स्वतः चालत जावी लागायची, तीही पानटपरीवाल्यांच्या भरवशावर. पुढे बाजारात जो तो आपल्या मालाला ‘रिलेशनल’ म्हणायला लागला, तेव्हा वैतागून १९८५ मध्ये कॉडने बारा नियम जाहीर केले. मोजले तर तेरा भरतात, कारण मोजणी शून्यापासून आहे. त्यातला तिसरा नियम फक्त ‘माहीत नाही’साठी आहे: नल हा शून्याहून आणि रिकाम्या जागेहून वेगळा, आणि सगळीकडे सारख्याच पद्धतीने वागवला गेला पाहिजे. खुद्द ओरॅकलमध्ये मात्र रिकामी अक्षरमाळ आणि नल एकच धरतात. घरचे नियम आणि शास्त्र यांत अंतर असणं काही आपल्याच सोवळ्याओवळ्याची मिरास नाही.

कॉडचं एवढ्यावर समाधान झालं नाही. १९९० च्या आपल्या पुस्तकात त्याने ‘माहीत नाही’चे दोन प्रकार केले: लागू आहे पण ठाऊक नाही, आणि मुळात लागूच नाही. अविवाहित मुलाच्या अर्जात पत्नीच्या नावापुढची रेघ वेगळी आणि विवाहिताने घाईत सोडलेली जागा वेगळी. लग्नाच्या बायोडेटात ‘अपेक्षा: अनुरूप’ लिहितात तो तर तिसराच प्रकार, ठाऊक आहे पण सांगणार नाही. कॉडला मात्र खरं, खोटं आणि ही दोन अज्ञानं मिळून चार मूल्यांवर थांबावं लागलं. जैन तार्किकांनी ‘स्यात्’ लावून लावून सातपर्यंत मजल मारली होती, आणि त्यांच्याकडे यंत्रही नव्हतं. इकडे कॉडचा जवळचा सहकारी क्रिस्टोफर डेट याचं मत असं, की नल ही मुळातच घोडचूक आहे, ती काढून टाका. दोघे एकत्र काम करत, एकमेकांचा मान राखत आणि या एका मुद्द्यावर जाहीर भांडत. सत्यावरून भांडणारे गुरुबंधू सगळीकडे सापडतात. ‘माहीत नाही’ कसं लिहायचं यावरून ज्यांचे आचार्य भांडले, असा हा पंथ.

इतका काथ्याकूट कशासाठी, असं वाटेल. त्यासाठी एका लग्नघरात जाऊ. एका वहीत तीनशे घरांची यादी आहे. दुसऱ्या वहीत पत्रिका पोचल्या त्यांची नावं, आणि त्यातल्या एका ओळीवर चहा सांडल्याने नाव वाचता येत नाही. आता विचारा: पत्रिका कुणाला पोचलेली नाही? घरातली कुठलीही मावशी बसल्या बसल्या चाळीस नावं सांगेल. डेटाबेसला ‘नॉट इन’ लावून विचारलंत तर तो सांगेल: एकही नाही. त्याचं चुकतं कुठे ते पाहा. जोशींना पोचली नाही का? वहीत जोशी दिसत नाहीत, पण ती चहा सांडलेली ओळ जोशींची नसेलच असं छातीठोक सांगता येत नाही. जे छातीठोक सांगता येत नाही ते यादीत घालायचं नाही. हाच न्याय पाटलांना, हाच देशमुखांना. तर्क निर्दोष, पण चाळीस घरं रुसली. यातलं खरं विष असं, की यंत्र कुरकुरत नाही, लाल अक्षरांत ओरडत नाही. रिकामी यादी समोर ठेवतं, आणि यजमान म्हणतात, ‘चला, सगळ्यांना पोचल्या!’ डेटाबेसवाला संशयी का होतो याचं उत्तर इथे आहे. त्याला चुकीच्या उत्तराची भीती नसते, ते कधी ना कधी पकडलं जातं. त्याला भीती असते नीटनेटक्या उत्तराची.

नावावर विश्वास ठेवू नये, हेही इथे फार लवकर कळतं. माय-एसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘यूटीएफ-८’ नावाची लिपिव्यवस्था होती. खऱ्या यूटीएफ-८ मध्ये एका अक्षराला चार बाइटपर्यंत जागा लागू शकते; या नावाच्या व्यवस्थेत मात्र तीनच मिळत. देवनागरी अक्षर बरोबर तीन बाइटांत मावतं, त्यामुळे मराठी पत्र ‘साष्टांग नमस्कार’सकट सुखरूप आत जाई, शेवटी जोडलेल्या हातांचा इमोजी आला की गाडी अडे, कारण तो चार बाइटांचा. २०१० मध्ये चार बाइटांची व्यवस्था आली, पण जुन्या नावाला कुणी हात लावला नाही. नव्याला ‘यूटीएफ-८-एमबी-४’ असं वेगळं नाव ठेवलं. थोडक्यात, दुकानावर पाटी ‘अस्सल’ची, आणि अस्सल माल शेजारच्या दुकानात.

आता या मंडळींचं एकमेकांना शिकवणं पाहा. नवखा येतो आणि विचारतो, ‘सर, क्वेरी स्लो आहे, काय करू? अर्जंट.’ ज्येष्ठ उत्तर देत नाही. विचारतो, ‘व्हर्जन कोणतं?’ मग तक्त्याची रचना, ओळी किती, इंडेक्स (शोधायच्या सूच्या) कोणते, एक्झिक्युशन प्लॅन (उत्तर शोधण्याचा बेत) कुठे आहे, काल किती वेळ लागत होता. ‘आणि मधे बदललं काय?’ याचं उत्तर जगात सगळीकडे एकच: ‘काहीच नाही.’ काहीच न बदलता काल दोन सेकंदांत येणारी क्वेरी आज वीस मिनिटं घेते, असं शपथेवर सांगितलं जातं. खणत गेलं की कळतं, रात्री चाळीस लाख ओळी भरल्या गेल्या. पण त्या ‘आम्ही’ भरल्या नाहीत, ‘दुसऱ्या टीमने’ भरल्या, म्हणजे काही बदललं नाही. कधी कधी खरोखरच कुणी काही केलेलं नसतं. एसक्यूएल सर्व्हर नावाचा डेटाबेस पहिल्यांदा जे मूल्य समोर येईल त्याच्या मापाने उत्तर शोधण्याचा बेत आखतो आणि पुढच्या सगळ्यांना तोच बेत वापरतो. सकाळी पहिलं गिऱ्हाईक किडकिडीत आलं, तर शिंपी दिवसभर त्याच मापाचे सदरे शिवतो. दुपारी पैलवान आला की सदरा फाटतो, आणि सगळे पैलवानाला दोष देतात.

या प्रश्नोत्तरांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो अर्धा खरा आहे. ज्येष्ठ लोक खेकसतात, नवख्याला अडाणी ठरवतात, उत्तर माहीत असून उलटतपासणी घेत बसतात. काहींना तर प्रश्नापेक्षा प्रश्नाच्या मांडणीतल्या चुकांतच रस असतो; त्यांची पूर्वजन्मीची नेमणूक पंक्तीत वाढप्यावर लक्ष ठेवण्याची असावी. पण उलटतपासणी आणि खेकसणं या दोन गोष्टी आहेत. दुसरी सोडून द्यावी, पहिली सोडता येत नाही. कारण ती माहिती गोळा करता करताच निम्म्या लोकांचा प्रश्न सुटतो, आणि ते उत्तर न घेताच गायब होतात. शिवाय हीच खडूस माणसं फुकट जे देतात ते पाहिलं की जरा गप्प बसावंसं वाटतं. स्वीडनच्या ओला हालेनग्रेन यांनी लिहिलेल्या देखभालीच्या स्क्रिप्ट जगभरचे सर्व्हर रोज रात्री चालवतात, एक पैसा न देता. २००७ मध्ये फ्लोरिडातल्या ऑर्लँडोत काहींनी ‘एसक्यूएल सॅटरडे’ सुरू केला: शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, एकत्र जमून इंडेक्सवर भाषणं ऐकायची. तो गावोगावी पसरला. शनिवारी घरची भाजी आणायची सोडून माणसं स्वखुशीने इंडेक्सबद्दल ऐकायला जातात, हे ज्या घरातून ती जातात त्या घरांना अजून पटलेलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. ‘अवलंबून आहे’ ही सल्लागारांची युक्ती आहे, तासावर पैसे घेणाऱ्याला सरळ उत्तर परवडत नाही, असं म्हणतात. अशी माणसं आहेत, नाही कशाला म्हणू. पण खरा आणि ढोंगी ओळखायला अवघड नाही. ‘अवलंबून आहे’नंतर ज्याचा पूर्णविराम येतो तो ढोंगी, ज्याचा स्वल्पविराम येतो तो गुरू. इंडेक्स लावला तर क्वेरी पळेल का? अवलंबून आहे, त्या रकान्यात किती वेगवेगळी मूल्यं आहेत त्यावर. पुस्तकाच्या शेवटच्या सूचीत ‘रायगड’ शब्द असेल तर उपयोग होतो. त्याच सूचीत ‘आणि’ हा शब्द घातला तर पुस्तक सरळ पहिल्यापासून वाचलेलं बरं. शिवाय वाचन जास्त की लेखन, त्यावर. कारण प्रत्येक नव्या ओळीबरोबर सूचीही दुरुस्त करावी लागते. हे सगळं ऐकायची तयारी नसलेला माणूस मग तोडगा शोधतो. एसक्यूएल सर्व्हरच्या जगात सगळ्यांत लोकप्रिय तोडगा म्हणजे ‘नोलॉक’. क्वेरी अडली की नोलॉक लावायचं, बाळाला दृष्ट लागू नये म्हणून तीट लावतात तसं, प्रत्येक तक्त्याच्या गालावर. त्याचा अर्थ असा, की दुसरा लिहीत असताना त्याचं अर्धवट लिहिलेलंही वाचून घ्यायचं. त्यात एखादी ओळ दोनदा दिसू शकते, एखादी दिसतच नाही, आणि कुणीतरी खोडून टाकणार असलेली रक्कम अहवालात छापून येते. क्वेरी मात्र लवकर येते. सरळ उत्तर हवं असणाऱ्याला ते मिळतं, एवढंच.

‘मग रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडल्यावरही अवलंबून आहे म्हणत बसायचं का?’ हा तिसरा आक्षेप. यावर सगळ्यांत चांगली साक्ष गिटलॅब या कंपनीने स्वतःच लिहून ठेवली आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथे दोन सर्व्हर होते: एक मुख्य, दुसरा त्याची प्रत. प्रत नीट होत नव्हती, म्हणून थकलेल्या अभियंत्याने प्रतीची जागा साफ करायची आज्ञा दिली. ती दिली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, तेव्हा ३०० गिगाबाइटांपैकी साडेचार उरले होते. घाबरायचं कारण नव्हतं, कारण संरक्षणाच्या पाच वेगवेगळ्या पद्धती होत्या. तपासलं तर पाचांपैकी एकीचाही भरवसा धरता येईना. रोजचा बॅकअप भलत्याच आवृत्तीच्या साधनाने घेतला जात होता, म्हणजे घेतलाच जात नव्हता, आणि तो फसल्याच्या सूचनेच्या ईमेल पलीकडे नाकारल्या जात होत्या. वाचवलं ते त्याच अभियंत्याने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने काढून ठेवलेल्या एका प्रतीने. या सगळ्यात डळमळणं कुठे आडवं आलं? आडवी आली ती खात्री: समोरचा सर्व्हर तोच आहे ही खात्री, बॅकअप होतोय ही खात्री. आणि त्या कंपनीने जे केलं ते या पंथाच्या रीतीला धरून होतं. दुरुस्तीचं काम तिने यूट्यूबवर थेट दाखवलं, मग चुकांचा सगळा पाढा जाहीर वाचला, अभियंत्याचं नाव मात्र सांगितलं नाही. आपल्याकडे असं झालं असतं तर नाव आधी आलं असतं आणि पाढा कधीच आला नसता.

म्हणून इथला जाणता माणूस घाईतही आधी निवडून बघतो, मग बदलतो. ओळी किती बदलल्या ते मोजतो, मगच पक्कं करतो. अट न घालता ‘अपडेट’ सोडला की सगळ्या गावाचा पगार एकच होतो, हे एकदा पाहिलेला माणूस जन्मभर अट आधी लिहितो. माय-एसक्यूएलमध्ये असा बेअट बदल रोखणारा एक पर्याय आहे, आणि त्याचं अधिकृत दुसरं नाव आहे ‘आय ॲम अ डमी’, म्हणजे मी बावळट आहे. स्वतःहून हे टंकून कामाला बसणारा माणूस त्या कार्यालयातला सगळ्यांत शहाणा असतो. या नम्रतेचा एक सणसुद्धा आहे: ३१ मार्च हा जागतिक बॅकअप दिन, कारण दुसऱ्या दिवशी एप्रिल फूल. भारतातल्या डेटाबेसवाल्याला तो वेगळा पाळावा लागत नाही. वर्षअखेरीमुळे त्या रात्री तो जागाच असतो.

कुणी म्हणेल, हे सगळं तांत्रिक आहे, तक्त्यातल्या रिकाम्या चौकटीला एवढा भाव कशाला? जिम ग्रे हे नाव या मंडळींत आदराने घेतात. व्यवहार एक तर पूर्ण होईल, नाही तर मुळीच झाला नाही असं होईल, मधली अवस्था उरणार नाही, ही हमी यंत्राने कशी पाळायची हे ज्यांनी दाखवलं, त्यांतले ते अग्रणी. १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. पैसे एका खात्यातून गेले आणि दुसऱ्यात आलेच नाहीत असं आपल्याला रोज अनुभवावं लागत नाही, यात त्यांचा वाटा आहे. २८ जानेवारी २००७ रोजी ते आईच्या अस्थी विसर्जित करायला आपल्या होडीतून एकटेच सॅन फ्रान्सिस्कोहून समुद्रात गेले आणि परतले नाहीत. तटरक्षक दलाचा शोध संपल्यावर मित्रांनी उपग्रहांची छायाचित्रं मिळवली, आणि हजारो माणसांनी घरी बसून समुद्राचा तुकडा न् तुकडा डोळ्यांखालून घातला. काही सापडलं नाही. कायद्याने मृत्यू मान्य केला तो २०१२ मध्ये. मधली पाच वर्षं त्या रकान्यात ना ‘आहे’ लिहिता येत होतं, ना ‘नाही’. घाईने काहीतरी लिहून टाकणं सोपं असतं, हे माहीत असलेल्या माणसांनी तो रकाना रिकामा ठेवला.

शेवटचा आक्षेप ताजा आहे. आता बोलणारी यंत्रं आली, क्लाउडवाले सर्व्हर आपोआप सांभाळतात, मग ‘व्हर्जन कोणतं?’ विचारणारी ही म्हातारी खोडं हवीत कशाला? क्लाउडने पुष्कळ कष्ट वाचवले, हे मान्य. बॅकअप घेण्याचं काम त्याने घेतलं. कोणता तक्ता कुणी पुसायला सांगितला याची जबाबदारी मात्र पुसायला सांगणाऱ्याकडेच ठेवली. यंत्रंही साधी क्वेरी झकास लिहून देतात, उगाच नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण त्यांचा स्वभाव पानटपरीवाल्याचा आहे. विचारलं की हात वर, दिशा हजर. दुसऱ्या क्रमांकाचा पगार विचारा, हसतमुखाने क्वेरी मिळते, आणि स्कॉट-फोर्डपैकी एक जण बहुधा गुपचूप गळून पडतो. या यंत्रांनी आपलं ज्ञान उचललं ते याच खडूस मंडळींच्या वर्षानुवर्षांच्या लिखाणातून. उत्तरं सगळी उचलली. उत्तराआधीचे सहा उलट प्रश्न बहुधा आगाऊपणा समजून सोडून दिले. त्यामुळे ज्येष्ठांचं काम कमी झालेलं नाही, बदललं आहे. पूर्वी नवखा ‘सर, येत नाही’ म्हणून यायचा. आता तो ‘सर, यंत्राने सांगितलं तसंच केलं, काहीच बदललं नाही’ म्हणून येतो.

आणि सर विचारतात, ‘व्हर्जन कोणतं?’ तिकडे चौदा जणांच्या त्या कार्यालयात सगळं जिथल्या तिथे आहे. स्मिथ ८०० वर, टर्नरच्या नावावर शून्य, किंगची एकूण मिळकत माहीत नाही. चार विभागांपैकी बॉस्टनच्या ‘ऑपरेशन्स’मध्ये चाळीस वर्षांत एकही माणूस रुजू झालेला नाही. दोन तक्ते जोडणाऱ्या साध्या जॉइनला तो विभाग दिसतही नाही. पण जगात कुठे ना कुठे कुणीतरी जोडीदार नसलेल्या ओळीही दाखवणारा आउटर जॉइन शिकत असतो, तो बॉस्टनचं दार वाजवतो, आणि आतून रोजचं उत्तर येतं: नल.